पाठराखीण पट्टी : समांतर रेषा आणि छेदिकेच्या मॉडेलच्या नोंदी

४ जानेवारी

लेकीला शाळेसाठी समांतर रेषा आणि छेदिकेचं (दोन्ही रेषांना छेदणाऱ्या तिसऱ्या रेषेचं) मॉडेल करून न्यायचं आहे. मुदत २५ तारीख. तिची अट एकच, मॉडेल हललं पाहिजे. चिकटवलेल्या पट्ट्या आणि रंगवलेले कोन कुणीही आणतं म्हणे. वाटणी अशी ठरली: करवत आणि ड्रिल माझ्याकडे, मापं आणि तक्ता तिच्याकडे, वही माझ्याकडे, कारण तिला लिहायचा कंटाळा.

आज पुठ्ठ्याचा कच्चा प्रयत्न केला. तीन पट्ट्या. खालची क फलकावर पक्की, तिच्यावर फिरणारी छेदिका छ, आणि छ च्या वरच्या बाजूला ख. छ फिरवली की ख वाटेल तशी लोंबते.

"आई, ही समांतर राहतच नाहीये."

का राहील? तिला धरून ठेवणारं काहीच नाही. कागदावर आपण दोन रेषा ओढतो, त्यांच्यावर समांतरपणाच्या खुणेचे बाण काढतो आणि पुढच्या ओळीला लागतो. पुठ्ठ्याला बाणांशी देणंघेणं नाही.

६ जानेवारी

उपाय सापडला, चौथी पट्टी. छ वरच्या दोन भोकांमध्ये १२० मिमी अंतर असेल, तर तेवढ्याच अंतराची आणखी एक पट्टी २०० मिमी पलीकडे लावायची. क आणि ख वरचं भोकांतलं अंतर दोन्हीकडे २००. समोरासमोरच्या बाजू समान, म्हणजे समांतरभुज चौकोन, म्हणजे छ कशीही कलली तरी ख ही क ला समांतर. या चौथ्या पट्टीचं काम फक्त सोबत करायचं, म्हणून घरात तिचं नाव पडलं 'पाठराखीण'.

लेकीने लगेच विचारलं, समोरच्या बाजू समान असल्या की रेषा समांतर होतात हे कशावरून? चांगला प्रश्न. कर्ण काढला. दोन त्रिकोण, तिन्ही बाजू जुळतात, त्रिकोण एकरूप. म्हणून कर्णाशी होणारे आंतरव्युत्क्रम कोन (छेदिकेच्या विरुद्ध बाजूंचे, दोन रेषांच्या आतले) समान. आणि आंतरव्युत्क्रम कोन समान, म्हणून रेषा समांतर.

इथे ती थांबली. "पण आपण तर उलटं दाखवणार आहोत ना? रेषा समांतर म्हणून कोन समान."

हो. आपलं मॉडेल उभं राहतं एका विधानावर आणि दाखवतं त्याचं उलट विधान. ही दोन वेगळी विधानं आहेत हे मला शाळेत कधी जाणवलंच नव्हतं. गणित सोडवताना 'संगत कोन' (दोन्ही छेदबिंदूंपाशी एकाच जागेचे) एवढं कारण लिहिलं की गुण मिळायचे, बाण कुठल्या दिशेला जातो ते कोण बघतं?

८ जानेवारी

हार्डबोर्डच्या पट्ट्या कापल्या. क आणि ख ४० सेंमी, रुंदी २५ मिमी. प्रत्येकीच्या मधोमध बारीक काळी रेघ, कोन त्या रेघेवरून मोजायचा. भोकं ४ मिमीची, नट-बोल्ट आणि वॉशर. छ ची भोकं पाडून झाल्यावर पाठराखिणीची भोकं पट्टीने मोजून वेगळी पाडली. (या वाक्याकडे मला परत यावं लागणार होतं.)

९ जानेवारी

कोनांना क्रमांक दिले. क वरच्या छेदबिंदूपाशी १ ते ४: वर उजवीकडे ∠१, वर डावीकडे ∠२, खाली डावीकडे ∠३, खाली उजवीकडे ∠४. ख वर त्याच क्रमाने ५ ते ८. म्हणजे ∠१ आणि ∠५ संगत, ∠१ आणि ∠७ आंतरव्युत्क्रम, ∠४ आणि ∠६ बाह्यव्युत्क्रम (तसेच, पण रेषांच्या बाहेरचे), ∠१ आणि ∠८ छेदिकेच्या एकाच बाजूचे आंतरकोन.

एका गोष्टीवरून अर्धा तास वाद. तिचं म्हणणं, पाठराखीण काढली आणि ख वाकडी झाली तर ∠१ आणि ∠५ 'संगत कोन राहत नाहीत'. राहतात. संगत, व्युत्क्रम, आंतर ही नावं जागेची आहेत, मापाची नाहीत. शेजारचं घर शेजारीच असतं, शेजारी भांडला तरी. दोन रेषा कशाही असोत, संगत कोनांच्या ४ जोड्या, आंतरव्युत्क्रमाच्या २, बाह्यव्युत्क्रमाच्या २ आणि आंतरकोनांच्या २ असतातच. समांतर असण्याने फक्त या जोड्यांच्या मापांत नातं येतं.

तिला झेड अक्षराची युक्ती कुणीतरी शिकवली आहे, झेड दिसला की व्युत्क्रम कोन. आकृती फिरवून दिली की झेड हरवतो आणि ती गोंधळते. त्यापेक्षा 'छेदिकेच्या दोन बाजूंना, दोन रेषांच्या आत' असं स्वतःशी म्हणणं बरं.

१० जानेवारी

पहिला तक्ता. छ ९०° वर: आठही कोन ९०. छ ६०° वर: ∠१, ∠३, ∠५, ∠७ साठ, बाकीचे एकशेवीस. आठ कोन, पण मापं दोनच. रंगही मग दोनच पुरतील.

११ जानेवारी

आज काही नाही. रंग आणले.

१३ जानेवारी

छ ३०° वर ठेवून तक्ता. तिने वाचलेले आकडे: ∠१ = ३०, ∠२ = १५०, ∠५ = २९, ∠६ = १५१, ∠७ = २९, ∠८ = १५१. मी म्हटलं नीट बघ. तिने नीट बघितलं. पुन्हा २९. मी स्वतः मोजलं, २९.

मग कबुली द्यावी लागली. १० तारखेला ६०° ला मला ख वरचा कोन ५९ आणि थोडा असा दिसला होता. 'वाचण्यातली चूक' म्हणून मी ६० लिहून घेतला. ९०° ला पण काटेकोर नव्वद नव्हता. उत्तर आधीच ठाऊक असलं की कोनमापक ते उत्तर दाखवतो. लेक म्हणाली, "तू माझ्या तक्त्यात बदल केलास?" यावर मला उत्तर नव्हतं. १० तारखेचा तक्ता रद्द, वर तिरकी रेघ मारून ठेवला आहे.

आता प्रश्न असा: एक अंशाचा फरक खरा आहे की आमचे डोळे? कोनमापकावर सगळ्यात लहान खूण एक अंशाची, म्हणजे त्याच्याकडून याचा निकाल लागणं अवघड.

१४ जानेवारी

आजचा दिवस सगळ्यात कामाचा.

उजवीकडचे आंतरकोन ∠१ + ∠८ = १८१°. डावीकडचे ∠२ + ∠७ = १७९°. ग्रीक गणिती युक्लिडचं पाचवं गृहीतक (सिद्ध न करता मानलेलं विधान), इ.स.पू. ३०० च्या आसपासचं, नेमकं याच प्रसंगासाठी आहे: दोन रेषांना छेदिकेने छेदलं आणि एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी भरली, तर त्या रेषा वाढवल्यावर त्याच बाजूला मिळतात. म्हणजे आमच्या क आणि ख डावीकडे कुठेतरी भेटणार. कुठे, ते काढता येतं. छ ३०° वर असताना क आणि ख मधलं लंब अंतर १२० च्या निम्मं, ६० मिमी. फरक १° धरला तर ६० भागिले १° ची टॅन किंमत (चढ, म्हणजे उंची भागिले आडवं अंतर, ०.०१७४६), म्हणजे सुमारे ३४४० मिमी. साडेतीन मीटरच्या आत.

साडेतीन मीटर तर खोलीत मावतात! मॉडेल जमिनीवर ठेवलं, दोन्ही काळ्या रेघांवर दोरा ताणून बसवला आणि डावीकडे भिंतीपर्यंत नेला. एक टोक मी धरलं, ती पोटावर पालथी पडून दोरा रेघेवर बसतोय का ते एका डोळ्याने बघत होती. दोन दोरे जवळ जवळ येत गेले आणि एकमेकांवर चढले.

तीनदा केलं. अंतरं २.८८, ३.१२ आणि २.९७ मीटर. सरासरी २.९९, धरू ३ मीटर.

म्हणजे फरक डोळ्यांचा नव्हता. शिवाय ६० भागिले ३००० म्हणजे ०.०२, तो कोन येतो जवळजवळ १.१५°. कोनमापकाला जे 'एक अंश' म्हणून जेमतेम दिसलं, ते दोऱ्याने दशांशापर्यंत सांगितलं. दोऱ्याच्या प्रयोगातही चूक आहे (४० सेंमीच्या रेघेवर दोरा ०.२ मिमी सरकला की कोनात ०.०३° चा फरक पडतो), पण ती आम्हाला परवडते.

१५ जानेवारी

आता १.१५° आले कुठून? संशयित एकच, पाठराखीण. तिच्या भोकांतलं अंतर थोडं जास्त असेल तर ख चं उजवं टोक वर उचललं जाईल आणि रेषा डावीकडे मिळतील. तसंच तर झालंय. उलट हिशेब केला: २०० मिमीवर ०.०२ चा चढ म्हणजे उजवं टोक ४ मिमी वर. पण पट्टी ३०° ला कललेली आहे. तिची लांबी वाढली तर त्या वाढीच्या दुप्पट उचल मिळते, कारण ३०° ची साइन किंमत (उंची भागिले तिरकी लांबी) अर्धा. म्हणजे भोकांतलं अंतर २ मिमी जास्त असणार.

बोल्ट काढले, पट्टी उचलली, मोजलं. १२२.

आमच्या घरात इतका आरडाओरडा क्रिकेटच्या सामन्यालाही होत नाही. न मोजता, नुसत्या दोऱ्यावरून २ मिमी सापडले.

यातून आणखी एक कोडं सुटलं, ९०° ला चूक का लपली. छ उभी असताना २ मिमीने टोक २ मिमीच उचललं जातं, कोन ०.५७°. ६०° ला ०.६६°. ३०° ला मात्र दुप्पट. छेदिका जितकी आडवी, तितकी चूक मोठी. मॉडेल तपासायचं तर काटकोनात ठेवून तपासू नये. आणि सगळे आधी काटकोनातच ठेवतात, कारण तिथे ते छान दिसतं.

९०° ला दोरे कुठे भेटले असते याचाही हिशेब केला. १२० भागिले ०.०१, बारा मीटर. खोलीत कधी कळलं नसतं.

१७ जानेवारी

नवी पाठराखीण. या वेळी छ आणि ती एकावर एक ठेवून, क्लॅम्पने आवळून, दोन्हींत एकदमच भोकं पाडली. मापात चूक झाली तरी दोघींत सारखीच होईल, आणि सारखेपणाच तर हवा आहे.

जोडून बघितलं आणि नवीनच उपद्रव. छ पूर्ण आडवी पाडून पुन्हा उचलली तर कधी कधी ख उलटी फिरते आणि छ व पाठराखीण एकमेकींना फुलीसारख्या छेदतात. चारही लांब्या तशाच, समोरच्या बाजू समान, तरी क आणि ख समांतर नाहीत! ६ तारखेला मी 'समोरच्या बाजू समान म्हणजे समांतरभुज' असं ठोकून दिलं होतं. त्यात 'बाजू एकमेकींना छेदत नसतील तर' हे गाळलं होतं. जुन्या पट्टीने हा खेळ केला नव्हता, कारण २ मिमीच्या फरकाने चारही पट्ट्या एका ओळीत येतच नव्हत्या. चुकीचा असाही उपयोग. फलकावर एक खिळा ठोकला, छ आता २०° च्या खाली जात नाही.

१८ जानेवारी

'कोन समान म्हणून समांतर' याची सिद्धता मॉडेलसोबत हवी, असं लेकीचं मत. पुस्तकी सिद्धता तिला पटली होती पण आवडली नव्हती. ट्रेसिंग पेपरने एक मार्ग काढला.

छ चा क आणि ख मधला जो तुकडा, त्याचा मध्य. सगळी आकृती ट्रेसिंग पेपरवर उतरवायची, मध्यावर टाचणी खुपसायची आणि कागद अर्धा फेरा फिरवायचा. आंतरव्युत्क्रम कोन समान असतील तर क ची प्रत बरोबर ख वर बसते आणि ख ची क वर. आकृती स्वतःवरच येते. आता समजा, क आणि ख उजवीकडे कुठेतरी भेटतात. अर्ध्या फेऱ्यात उजवं डावं होतं, म्हणजे त्या डावीकडेही भेटल्या पाहिजेत. दोन सरळ रेषा दोन ठिकाणी भेटत नाहीत. म्हणून कुठेच भेटत नाहीत.

तिने टाचणी पाच-सहा वेळा फिरवून बघितली. मग म्हणाली, "यात समांतर हा शब्द शेवटी येतो, आधी नाही." हेच मला ६ तारखेपासून म्हणायचं होतं.

युक्लिडनेही हा क्रम पाळला आहे. कोनांवरून समांतरपणा ही त्याच्या 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या पहिल्या खंडातली २७वी आणि २८वी विधानं, पाचवं गृहीतक न वापरता सिद्ध केलेली. समांतरपणावरून कोन हे २९वं, आणि तिथे त्याला ते गृहीतक पहिल्यांदा वापरावं लागतं. आम्ही जे रोज डोळे मिटून वापरतो, 'रेषा समांतर, म्हणून संगत कोन समान', तेच दोघांतलं महाग विधान.

१९ जानेवारी

चेंडूवर रबर बँड, तिथल्या 'सरळ रेषा' म्हणून. एक विषुववृत्तासारखा, दोन रेखांशांसारखे त्याला काटकोनात. विषुववृत्त ही छेदिका धरली तर आंतरकोनांची बेरीज दोन्ही बाजूंना १८०°, कोन सगळे समान, तरीही दोन्ही रबर वर भेटतात आणि खालीही. लेकीला वाटलं कालची सिद्धता मोडली. मोडली नाही. 'दोन रेषा दोन ठिकाणी भेटत नाहीत' हे वाक्य चेंडूवर खरं नाही, एवढंच. अर्ध्या फेऱ्याचा युक्तिवाद तर अगदी बरोबर निघाला: वर भेटतात, म्हणून खालीही भेटल्या.

पाचवं गृहीतक बाकीच्या गृहीतकांवरून सिद्ध करायचा प्रयत्न शतकानुशतकं चालला. ते नाकारूनही सुसंगत भूमिती उभी राहते हे रशियन गणिती लोबाचेव्हस्कीने १८२९ मध्ये आणि हंगेरियन गणिती बोयाईने १८३२ मध्ये छापून मांडलं. एवढं सांगून थांबले, तिला रंग द्यायचे होते.

२१ जानेवारी

सजावट अंगाशी आली. तिने क वर सगळीकडे उजवीकडे झुकलेल्या छोट्या तिरक्या रेघा मारल्या आणि ख वर डावीकडे झुकलेल्या. दोन पट्ट्या आता ठार वाकड्या दिसतात, एका बाजूला जवळ येताहेत अशा. पुन्हा भोकं चुकली म्हणून मी ड्रिल बाहेर काढलं. मग आधी दोरा लावला. दोरे जवळ येत नव्हते.

हा त्सोलनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८६० मध्ये वर्णन केलेला दृष्टिभ्रम. समांतर रेषांवर आलटून पालटून उलट्या दिशेच्या आखूड तिरक्या रेघा मारल्या की त्या समांतर दिसत नाहीत. वाकड्या पट्ट्या पाच दिवस आम्हाला सरळ दिसल्या आणि सरळ केल्यावर वाकड्या दिसायला लागल्या. रेघा खोडायच्या का? लेक म्हणाली, राहू दे, बघणाऱ्याला विचारू, 'समांतर आहेत का?'

२२ जानेवारी

जोडपत्रासाठी एक उदाहरण हवं होतं. इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने पृथ्वीचा परीघ काढला ते घेतलं, इ.स.पू. तिसरं शतक. इजिप्तमधल्या सायीनला (आजचं अस्वान) उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी दुपारी सूर्य थेट डोक्यावर, त्याच वेळी अलेक्झांड्रियात उभ्या काठीच्या टोकाशी किरणाचा कोन सुमारे ७.२°. दोन्हीकडचे किरण समांतर. काठी खाली पृथ्वीच्या मध्यापर्यंत वाढवली की ती छेदिका. मग काठीच्या टोकाचा कोन आणि मध्याशी होणारा कोन आंतरव्युत्क्रम, म्हणून तोही ७.२°, वर्तुळाचा ५०वा भाग. दोन शहरांतलं अंतर ५,००० स्टेडिया (लांबीचं जुनं ग्रीक माप), म्हणून पृथ्वीचा परीघ २,५०,००० स्टेडिया.

लेकीचा प्रश्न ठरलेला होता. किरण खरंच समांतर का? आता तिला एकच पद्धत माहीत आहे: कुठे भेटतात ते बघ. सूर्याच्या मध्यातून निघालेले धरले तर भेटतात १५ कोटी किमीवर. शहरांतलं अंतर सुमारे ८०० किमी. कोन ०.०००३°. आमच्या पाठराखिणीच्या चुकीपेक्षा जवळजवळ चार हजार पटींनी कमी. "मग चालतील," ती म्हणाली.

२४ जानेवारी

शेवटची तपासणी. छ ३०° वर, लंब अंतर ६० मिमी. दोन खोल्यांची दारं उघडून दोरे डावीकडे ६ मीटर नेले. पहिल्या खेपेला टोकाशी अंतर ५७ मिमी. दुसऱ्या खेपेला ६२. पहिल्या आकड्याप्रमाणे रेषा डावीकडे १२० मीटरवर भेटतात, दुसऱ्याप्रमाणे उजवीकडे १८० मीटरवर. दोन्ही फरक दोरा बसवण्याच्या चुकीएवढेच आहेत. दोन्ही आकडे तक्त्यात लिहिले, न बदलता.

नावाची पाटी तिने स्वतः रंगवली: 'रेषा क ∥ रेषा ख'. मग थोडा वेळ बघत बसली आणि खाली बारीक अक्षरात कंसात भर घातली: (६ मीटरपर्यंत).